नदीकाठची सपाट वाट

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी धावू लागले. ‘धावू लागले’ असे लिहितानाही संकोच वाटतो, कारण झपाझप चालणारा कुणीही माणूस माझ्या त्या धावण्याला सहज मागे टाकील. तरीही ते चालणे नव्हते. दोन्ही पावले क्षणभर का होईना, जमीन सोडत होती. चालणे आणि धावणे यांतला हा फरक मला ज्यांनी समजावला, त्यांना गेली चार वर्षे धड एक वाक्य बोलता आलेले नाही.

आमचे हे सांगलीतल्या एका शाळेत बत्तीस वर्षे क्रीडाशिक्षक होते. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच आणि उन्हाने रापलेला चेहरा, अशीच गावाला त्यांची ओळख. पहाटे पाचला मैदानावर जात ते शाळा भरायच्या वेळीच थांबत. किती मुले त्यांनी पळवली याची गणती नाही. मला मात्र त्यांनी कधी ‘चल’ म्हटले नाही आणि मीही कधी ‘येते’ म्हटले नाही. मैदान त्यांचे आणि स्वयंपाकघर माझे, ही वाटणी आम्ही दोघांनी न बोलताच करून टाकली होती.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून निसटला. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला होता. जीव वाचला. उजवा पाय कालांतराने काठीच्या आधाराने पुढे पडू लागला. उजवा हात रुसला तो रुसलाच. आणि वाणी गेली. ‘वाचाघात’ हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. समोरच्याचे बहुतेक सारे समजते, काय म्हणायचे तेही मनात असते, पण नेमका शब्द ओठांपर्यंत पोहोचत नाही. ज्यांच्या एका हाकेने मैदानाच्या दुसऱ्या टोकाची मुले रांगेत उभी राहत, ते पाणी हवे असताना ‘पंखा’ म्हणत आणि स्वतःवरच संतापत.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, हे अशा माणसाजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन येणे हीच माझी सहल. अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ घराबाहेर राहिले तर छातीत धडधडू लागे. रक्तदाबाची गोळी मला सुरू झाली, वजन वाढले, उजवा गुडघा कुरकुरू लागला. ‘मी कुणाकडून काही अपेक्षा ठेवत नाही’ असे मी अभिमानाने सांगत असे. त्या अभिमानात किती हट्ट होता, हे कळायला मला फ्रान्समध्ये जावे लागले.

आमची लेक आणि जावई फ्रान्समधल्या तूर या शहरात राहतात. नाव ऐकून डाळ आठवते खरी, पण गाव देखणे आहे. त्यांच्या फार आग्रहामुळे मे महिन्याच्या मध्यावर आम्ही दोघे नव्वद दिवसांच्या व्हिसावर तिकडे गेलो. विमानतळांवर चाकाची खुर्ची मिळाली, प्रवास निभावला. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

घरापासून पाच मिनिटांवर ल्वार नदी. फ्रान्समधली ही सर्वांत लांब नदी, सुमारे हजार किलोमीटरची. उन्हाळ्यात तिचे पाणी पसरट आणि उथळ होते, मध्ये वाळूची बेटे उघडी पडतात आणि त्यांवर कुररी पक्षी घरटी करतात. म्हणून त्या दिवसांत बेटांवर पाऊल ठेवू नये अशा सूचना काठावर लावलेल्या असतात. पाणी शांत दिसते, पण प्रवाह आणि वाळू दोन्ही फसवे, त्यामुळे पोहायलाही मनाई. सुली ते शालोन या गावांमधला या नदीचा प्रदेश २००० साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून स्वीकारला. नदीच्या सोबतीने सुमारे नऊशे किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. त्याच मार्गाचा एक तुकडा लेकीच्या घराजवळून पूर्वेकडे जातो.

पोहोचल्यानंतर चौथ्या दिवशी लेक म्हणाली, “आई, उद्यापासून सकाळी साडेसहा ते सव्वासात तू घरात दिसायचं नाहीस.”

“अगं, ह्यांचा चहा, गोळ्या…”

“बाबांजवळ मी आहे. मला चहा करता येतो.”

मी गेले, पण पहिल्या दिवशी वीस मिनिटांतच परतले. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी लेकीने दाराला आतून कडी घातली आणि सव्वासात वाजेपर्यंत उघडली नाही.

धावण्याचे खूळ जावईबापूंचे. ते स्वतः नदीकाठी जॉगिंग करतात. त्यांनी मला जपानमधल्या फुकुओका विद्यापीठातल्या हिरोआकी तानाका यांच्या मंद धावण्याच्या पद्धतीविषयी सांगितले. ‘निको निको’ म्हणजे हसतमुख. हसत राहता येईल, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, एवढ्याच गतीने धावायचे. पावले लहान ठेवायची, टाच आपटायची नाही, दम लागू लागला की गती आणखी कमी करायची. निघण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांचीही तपासणी केली होती, तरी मी त्यांना पुन्हा फोन केला. त्यांनी हृदयाच्या आलेखाची आठवण करून दिली, माझ्या गोळीची वेळ विचारली आणि परवानगी दिली. एक मिनिट धावा, दोन मिनिटे चाला. छातीत दुखले, चक्कर आली किंवा गुडघा सुजला तर त्याच क्षणी थांबा. आणि जमीन सपाट हवी, असे त्यांनी बजावले. हृदयविकार, ठिसूळ हाडे किंवा तोल जाण्याची तक्रार असेल त्यांनी तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बूटच चढवू नयेत.

जमीन सपाट हवी, ही अट ल्वारकाठी आपोआप पूर्ण होते. नदीच्या बाजूने मातीचा आणि दगडाचा उंच बांध आहे. पुराला अडवण्यासाठी मध्ययुगापासून तो बांधत, वाढवत आणलेला. वर चढले की पुढे मैलोगणती चढ नाही आणि उतारही नाही. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला भाजीचे मळे, घरांच्या पाट्यांची उतरती काळी छपरे, मधूनच एखाद्या चर्चचा मनोरा. कुठे डांबर, कुठे दाबून बसवलेली बारीक खडी. माझ्या गुडघ्याला खडी अधिक मानवली.

या वाटेवर जुन्या पुरांच्या खुणा मी शोधत असे. दगडात एक आडवी रेघ आणि शेजारी साल कोरलेले असते. १८४६, १८५६ आणि १८६६ हे ल्वारचे तीन मोठे पूर. त्यांतल्या मधल्या, १८५६ च्या जून महिन्यातल्या पुरात हे तूर शहर पाण्याखाली गेले होते. सांगलीच्या माणसाला अशा रेघेपुढून सरळ निघून जाता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांपलीकडे गेले, तेव्हा आम्ही दोघे पहिल्या मजल्यावरून बोटीत उतरलो होतो. त्या वेळी ह्यांनी मला हात धरून उतरवले होते. उजवा हात धरून. ती रेघ पाहिली की मला पाणी आठवत नसे, तो हात आठवत असे.

येणाजाणारा प्रत्येक जण ‘बोंजूर’ म्हणे. काही जण ‘बों कुराज’ म्हणत. माझा अवतार पाहून कुणी कीव करीत असावे असे मला वाटले. त्याचा अर्थ ‘नेटाने चालू द्या’ असा, हे नंतर कळले. सुरुवातीला सवयीने मी डाव्या कडेने जाई आणि समोरून येणारे सायकलस्वार घंटी वाजवून हैराण होत. अशा सामायिक वाटेवर तिकडे उजवी बाजू धरायची. मात्र गावाबाहेर पदपथ नसलेल्या मोटाररस्त्यावर डाव्या कडेने, म्हणजे येणारे वाहन समोर दिसेल असे जायचे. मुलांकडे फ्रान्सला जाणाऱ्या आपल्या वयाच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. आणखीही दोनतीन गोष्टी आहेत. उंच गवतात गोचीड असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून लांब मोजे घालावेत आणि परतल्यावर पाय तपासावेत. शरद ऋतूपासून हिवाळा संपेपर्यंत शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा रानातल्या वाटेवर भडक रंगाचे कपडे घालावेत किंवा नदीकाठच बरा. पायवाटांवर झाडांवर, दगडांवर रंगाचे पट्टे असतात. पांढऱ्यावर तांबडा पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळा म्हणजे जवळपासची फेरी; फुली दिसली तर आपण चुकलो. ल्वारकाठाने जाणारी तिसऱ्या क्रमांकाची लांब वाट १९४७ मध्ये सर्वांत आधी आखली गेली, असे जावईबापू अभिमानाने सांगतात, जणू रंगाचा डबा त्यांनीच धरला होता.

उन्हाविषयी मात्र स्वतंत्र लिहायला हवे. फ्रान्स म्हणजे थंड देश ही आपली समजूत. २००३ च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत तिथे सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, आणि त्यांत बहुसंख्य वृद्ध होती. तेव्हापासून एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नोंद नगरपालिका ठेवतात आणि लाट आली की त्यांची विचारपूस करतात. आम्ही असतानाही काही दिवस पारा चढला. घरांत पंखे नसतात. दिवसभर खिडक्यांची लाकडी झडप मिटून बसावे लागते. त्या दिवसांत मी सहालाच निघे आणि धावण्याऐवजी सावलीतून चाले.

महिनाभरात माझे एक मिनिट पाच मिनिटांचे झाले. झोप सुधारली. पण खरे सांगायचे तर धावणे आवडू लागले याहून मला त्या पाऊण तासात कुणाचीही आठवण येत नाही, हे अधिक जाणवू लागले आणि त्याचीच भीती वाटू लागली. नवरा घरी लुळ्या हाताने बसला आहे आणि आपण नदीकाठी पक्षी पाहत हसत धावतो आहोत! परतताना मी शेवटचे दोनशे मीटर मुद्दाम वेगाने जाई. दमलेली दिसले म्हणजे अपराध थोडा कमी होतो, असे काहीसे मनात असे.

जुलैत एके दिवशी ती घटना घडली. ला व्हिल-ओ-दाम नावाचे एक गाव त्या बाजूला आहे. तिथल्या जवळजवळ सगळ्या रस्त्यांना स्त्रियांची नावे दिलेली आहेत, असे लेकीने सांगितले होते. मला ते पाहायचे होते. बांधावरून खाली उतरले आणि पाट्या वाचत एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत शिरले. मारी क्युरी यांचे नाव लागले, तेवढे ओळखीचे. बाकीच्या बायका कोण असतील, काय केले असेल त्यांनी, असा विचार करीत हिंडले आणि नदी कुठल्या बाजूला हेच कळेना. फोन घरी राहिला होता. एका आजीबाईंनी हातवारे करून बांधाची दिशा दाखवली. घरी पोहोचले तेव्हा आठ वाजून गेले होते.

लेक आतल्या खोलीत ऑफिसच्या कामात अडकलेली, जावई कामावर गेलेले. हे खिडकीजवळ उभे होते. मला पाहताच डावा हात भिंतीवरच्या घड्याळाकडे करून म्हणाले, “एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.” आणि सातवर थांबले. वाचाघातात ओळीने म्हणायचे शब्द पुष्कळांचे शाबूत राहतात. अंक, वार, पाठ असलेले स्तोत्र. नेमका ‘सात’ हा शब्द हवा असेल तर ह्यांना एकपासून मोजत तिथवर जावे लागते. सातला यायचे होते, असे ते मला सुनावत होते. चार वर्षांत प्रथमच मला कुणी वेळेवरून रागावत होते.

मग माझे लक्ष त्यांच्या सदऱ्याकडे गेले. रात्रीचा सदरा बदललेला होता. गुंड्या लावलेल्या होत्या, एक घर चुकून, एका बाजूला टोक लोंबत. पण सगळ्या लावलेल्या. डाव्या हाताने. ‘त्यांचे त्यांना करू द्या, वेळ लागला तरी थांबा,’ असे आमच्याकडच्या व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी मला कितीदा तरी सांगितले होते. मी मान डोलवत असे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा गुंड्या अर्ध्या मिनिटात लावून मोकळी होत असे. त्या दिवशीही माझा हात आपोआप ती चुकलेली गुंडी नीट करायला पुढे गेला. ह्यांनी तो बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला हे बूट पुढे करून बसले होते.

येथे सपाट वाटेने आम्हाला हात दिला. चाकाची खुर्ची घरापासून बांधावर नेणाऱ्या उतारापर्यंत आणि तिथून वर बाकापर्यंत, एकही पायरी न चढता गेली. आठवड्याने खुर्ची घरी ठेवून काठीवर आलो. अंतर थोडे, पण वाटेत दोन बाक आहेत. हे बाकावर बसत आणि मी त्यांच्या नजरेच्या टप्प्यात, एका पॉपलरच्या झाडापासून दुसऱ्यापर्यंत फेऱ्या मारी. पहिल्याच फेरीनंतर त्यांनी मला हाताने थांबवले. डाव्या हाताची दोन बोटे बाकावर चालवून दाखवली, मान हलवून ‘नाही’ म्हटले. मग तीच दोन बोटे हलकेच उचलून उचलून पुढे नेली. तोवर मी केवळ भराभर चालत होते! मग खांदे खाली घे, मूठ सैल सोड, खाली नको समोर बघ. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला प्रथमच काही शिकवले, आणि तेही एक शब्द न बोलता. शिकवताना ते चिडत, हेही नमूद करते. त्यांची मुले त्यांना का घाबरत, ते समजले.

फोनमधले घड्याळ त्यांना पसंत नव्हते. गावोगावी रविवारी जुन्या वस्तूंचे बाजार भरतात. तशा एका बाजारात, चिनीमातीच्या बशा आणि गंजलेल्या किल्ल्यांच्या ढिगात, त्यांना एक चावीचे स्टॉपवॉच सापडले. पाच युरो. डाव्या अंगठ्याने कळ दाबता येते का, हे त्यांनी दुकानदारापुढे दहा वेळा दाबून पाहिले.

शेर नदीचा काठ ही आणखी एक सुरेख वाट. शेर ही ल्वारची उपनदी, अधिक शांत. एकोणिसाव्या शतकात तिला बंधारे घालून नावांसाठी वाहती केली, आणि काठाने ‘शमँ द आलाज’, म्हणजे नावा ओढण्याची वाट राखली. माणसे किंवा घोडे दोरखंडाने माल भरलेल्या नावा ओढीत नेत. ओढणाऱ्याच्या पायाला चढ नको, म्हणून ती वाट पाण्याच्या पातळीने जाते. आता नावा नाहीत. सावली आहे, गळ टाकून बसलेले म्हातारे आहेत, आणि पाण्यावर कमानी टाकून उभा असलेला शनोन्सोचा प्रासाद आहे. नदीवरच्या त्याच्या लांब दालनात पहिल्या महायुद्धात रुग्णालय होते आणि दोन हजारांहून अधिक जखमी सैनिकांवर तिथे उपचार झाले. दालनाच्या खिडक्या दिसतील अशा ठिकाणी आम्ही खुर्ची थांबवली. ह्यांनी त्या खिडक्यांकडे बराच वेळ पाहिले, मग काठी मागितली. सपाट, मऊ मातीवर एक एक पाऊल टाकीत, मोठ्याने मोजत ते चालले. साठपर्यंत. एकसष्टाव्याला मी हात पुढे केला नाही. खुर्ची मात्र मागे घेऊन आले होते.

निघण्यापूर्वी जावईबापूंनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. फ्रान्समध्ये दीर्घकालीन आजार असलेल्यांना डॉक्टर औषधासारखाच शारीरिक हालचालीचाही लेखी सल्ला चिठ्ठीवर देऊ शकतात. स्त्रासबूर शहराने २०१२ मध्ये असा उपक्रम सुरू केला आणि २०१७ च्या मार्चपासून तो देशभराच्या कायद्यात आला. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व ताकद सांभाळणारे व्यायाम सुचवते. हे सारे रुग्णासाठी आणि वृद्धांसाठी. त्यांच्याजवळ राहणाऱ्याच्या नावाने अशी चिठ्ठी कोण लिहिणार, असे मी गमतीने विचारले. लेक म्हणाली, “मी लिहिली होती की. कडी लावून.”

ऑगस्टमध्ये सांगलीला परतलो. आमच्या कृष्णेचा काठ सुंदर आहे, पण घाट म्हणजे पायऱ्या, आणि रस्त्यांवर खड्डे, दुचाक्या आणि मोकाट कुत्री. आठवडाभर जागा शोधली. शेवटी ह्यांनीच काठीने दिशा दाखवली. त्यांच्या जुन्या शाळेचे मैदान. शिपाई नवा आहे, त्याने आम्हाला ओळखले नाही. मुख्याध्यापकांची परवानगी आणा म्हणाला. मुख्याध्यापक ह्यांचे विद्यार्थी निघाले.

आता आम्ही सहाला तिथे असतो. सदऱ्याला त्यांना अकरा मिनिटे लागतात; तेवढ्यात माझा चहा होतो. मैदानाच्या कडेच्या सिमेंटच्या पायरीवर हे बसतात, मी चार फेऱ्या करते. पावसाळ्यात चिखल होतो तेव्हा व्हरांड्यात चालतो. काल फेरी संपल्यावर त्यांनी स्टॉपवॉच माझ्यापुढे धरले. परवापेक्षा नऊ सेकंद अधिक. मी गुडघ्याकडे बोट दाखवले. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिले, काट्याकडे पाहिले, अंगठ्याने घड्याळ पुन्हा शून्यावर आणले आणि म्हणाले, “एक, दोन…”